साळवे मामांचा फळा

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४. वेळ सकाळी अकराची ठरलेली. जागा: डायलिसिस विभाग, दुसरा मजला. हजर: किडनीचे मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, हेड सिस्टर, लॅबचे सलीमभाई, मशीनला जोडलेले सात पेशंट, म्हणजे ज्यांना उठून जाता येत नव्हतं असे, दौलताबादहून आलेल्या कांताबाई आणि त्यांची सून रेखा, सोबत पेरूंची पिशवी, आणि मी, स्टोअर इन्चार्ज. गैरहजर: सत्कारमूर्ती.

निवृत्त होणारा माणूसच निरोपाला नाही म्हणून हेड सिस्टर चिडल्या. शोधायला मी गेले. साळवे मामा पाणी शुद्ध करायच्या खोलीत होते. नवा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नजर प्रेशरच्या काट्यावर.

"मामा, सगळे थांबलेत."

"पाच मिनिटं मॅडम. हार काय लगेच सुकत नाय. हा काटा उतरला तर सात माणसं मधेच अडकतील."

पाच मिनिटांची पंधरा झाली. काटा जागेवर बसला, तेव्हाच मामा बाहेर आले.

साळवे मामा आमचे डायलिसिस टेक्निशियन. त्याआधी तरुणपणी वाळूजच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. शिफ्टच्या बसमध्ये पुस्तक वाचत त्यांनी परीक्षा दिल्या, कोर्स केला आणि यंत्रं सोडून यंत्रांकडेच आले. कारखान्यातली एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. दोन पेनांच्या मधे ती चमकत असायची. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचताना तिचा आधार घ्यायचे, चहाच्या कपातली साखर तिनं ढवळायचे आणि मग स्पिरिटनं पुसून परत खिशात.

सकाळी ड्यूटी बदलताना आदल्या दिवसाची माहिती सांगायची पद्धत सगळीकडे असते. मामांची सुरुवात वेगळी. पहिलं वाक्य ठरलेलं: "काल माझं काय चुकलं ते सांगतो." मग खरंच सांगायचे. दोन नंबरच्या मशीनचा पडदा उघडा राहिला. तायडे सरांना मोठ्यानं बोललो. हे सगळं पेशंटसमोर, खणखणीत आवाजात. नव्या सिस्टर हसायच्या. महिनाभरात त्याही आपापलं सांगायला लागायच्या. मी स्टोअरची, त्या बैठकीशी माझा संबंध नव्हता. जिन्यातून जाताना कानावर पडायचं आणि वाटायचं, या माणसाला स्वतःची अब्रू नको आहे का?

आता फळ्याबद्दल.

एक जुना सूचनाफलक, हिरवं कापड लावलेला. त्यावर मामांनी डायलिसिसच्या तात्पुरत्या नळ्या टाक्याच्या दोऱ्यानं शिवून ठेवल्या होत्या. न वापरलेल्या, पण मुदत संपलेल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी. मानेची उजवी. मानेची डावी, थोडी लांब. मांडीची, सगळ्यांत लांब. आणि कातडीखालून बोगदा करून घालायची, जिच्या मध्यावर कापडी पट्टा असतो ती. मुदत संपलेला माल नष्ट करायचा हा माझा नियम. प्रत्येक नळीमागे मी मामांची सही घ्यायचे आणि घेताना कुरकुरायचे.

"मामा, एखादी नवीच लावा की. दिसायला तरी बरी."

"पेशंटच्या वाट्याची वस्तू भिंतीवर लावायची नाय मॅडम. जी कुणाच्याच कामाची उरली नाय, तिनंच शिकवायचं."

नवा पेशंट आला, मानेतून निघालेली लाल आणि निळी टोकं आरशात बघून घाबरला, की मामा फळा काढून त्याच्या पलंगावर ठेवायचे. "ही बघा तुमच्या नळीची बहीण. लाल टोकातून रक्त मशीनकडं जातं, निळ्यातून साफ होऊन परत येतं. बस्स, एवढंच हाय." मग पेशंटला पाठ करायला लावायचे. कुठली नळी, कुठल्या बाजूला, किती लांब, कोणत्या तारखेला घातली. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. पेशंट चुकला तर त्याच्या बायकोला विचारायचे आणि तिनं बरोबर सांगितलं की त्याची खोडी काढायचे.

उस्मानपुऱ्यातले तायडे सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मानेत साधी नळी होती आणि हाताचं छोटं ऑपरेशन करून कायमची सोय करायची होती. हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायच्या, त्याला फिस्टुला म्हणतात. सर तयार नव्हते.

"साळवे, नळी छान चाललीय. हात कशाला कापायचा?"

मामा स्टूल ओढून बसले. "सर, तुम्ही एसटी स्टँडवर झोपलात कधी?"

"झोपलोय की. निवडणुकीच्या ड्यूटीला."

"मग ऐका. मांडीतली नळी म्हणजे स्टँडवरचं बाकडं. गाडी चुकली, रात्र काढली, निघाला. तिथं ना नीट बसता येतं, ना चालता येतं, आणि घाण लवकर लागते. मानेतली साधी म्हणजे लॉज. दोन-तीन आठवडे ठीक. पण लॉजमध्ये कुणी बिऱ्हाड थाटतं का? बोगद्याची नळी म्हणजे भाड्याची खोली. काही महिने निघतात, पण मालक कधी निघा म्हणेल सांगता येत नाय. आणि हातातला फिस्टुला म्हणजे स्वतःचं घर. बांधायला वेळ लागतो. म्हणून लॉजात असतानाच पाया खणायचा."

"आणि गळ्याच्या हाडाखालून घालतात ती? माझ्या मेव्हण्याला तशी होती."

"ती म्हणजे पुढच्या प्लॉटच्या रस्त्यावरच टाकलेलं पत्र्याचं शेड. आज सोय होते. पण तिथली मोठी शीर आकसली की त्या बाजूच्या हातात घर बांधायचा रस्ताच बंद. दुसरा इलाज नसला तरच."

सरांनी फळ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाले, "साळवे, तुम्ही भूगोल शिकवायला हवा होता." पुढच्या आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

ज्या हातात असं घर बांधायचं, त्या मनगटाला मामा निळी फीत बांधायचे. त्या हाताला सुई टोचायची नाही, पट्टा बांधून प्रेशर मोजायचं नाही. एकदा घाईत सलीमभाईंनी फितीचाच हात धरला. वॉर्डाच्या त्या टोकाकडून मामांचा आवाज आला.

"सलीमभाई, वो हाथ छोडो! वहाँ मकान बन रहा है."

"अरे मामा, एक बूँद तो लेनी है."

"नींव में से एक ईंट निकालता क्या कोई? दुसरा हात घ्या."

सलीमभाईंनी दुसरा हात घेतला. त्यानंतर वॉर्डात शिरताना ते दारातूनच ओरडायचे, "मकानवाले कौन-कौन?" आणि पेशंट हौसेनं फितीचे हात वर करायचे.

एवढ्या वर्षांत मामा माझ्या स्टोअरमध्ये फळा घेऊन एकदाच आले. दोन वर्षांपूर्वी, सीताफळांच्या दिवसांत.

कांताबाई दौलताबादला किल्ल्याखालच्या रस्त्यावर सीताफळं आणि पेरू विकायच्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या बरेच दिवस खाल्ल्या, त्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि किडन्या बंद पडल्या. गावाकडं सलाइनवर सलाइन चढलं, लघवी मात्र होईना. आमच्याकडे आणलं तेव्हा अंगभर पाणी साठलेलं, दम असा की पाठ टेकवता येईना. मानेत नळी घालायची तर माणूस सपाट झोपायला हवा. म्हणून मांडीतून घातली. साहेबांचं म्हणणं होतं, किडन्या परत चालू होतील, तोवर डायलिसिसवर तगवायचं.

तीन डायलिसिस झाली. सूज उतरली, दम कमी झाला. पण रक्तातलं पोटॅशियम हटेना. पोटॅशियम चढलं की हृदय न सांगता थांबू शकतं, एवढं मला स्टोअरमध्ये बसूनही ठाऊक आहे. मशीन मात्र शांत. एक घंटा वाजली नाही.

मशीन चांगलं, नळी चांगली वाहतेय, मग पोटॅशियम येतं कुठून? खाण्यातून. फळं आणि नारळपाणी या पेशंटला विषासारखं, आणि आपल्याकडं आजाऱ्याला पहिलं काय आणतात, तर नारळ. कांताबाईंच्या पलंगाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात नारळाची कवटी सापडली. सून रेखा रात्रंदिवस उशाशी. सगळ्यांचं बोट तिच्याकडं. सगळ्यांत आधी बोट दाखवलं साळवे मामांनी.

"कुणी पाजलं?"

"मी नाय मामा. शप्पथ."

"मग नारळ काय जिना चढून आला का?"

रेखा रडायला लागली. कांताबाई पडल्यापडल्या म्हणाल्या, "तिला कामून बोलता ओ? पाणीबी झाकणानं मोजून देतीय ती मला. लई कडक हाय." पण सासूच सुनेची बाजू घेतेय म्हटल्यावर लोकांचा संशय वाढला. संध्याकाळी मुलगा संतोष वाळूजहून शिफ्ट संपवून आला. त्यानं सगळं ऐकलं आणि वॉर्डाच्या दारातच बायकोवर ओरडला. मग साहेबांना म्हणाला, "उद्या घरी नेतो आईला. तुमच्यानं होत नाय अन् आमच्या घरच्यांना अक्कल नाय. जे व्हायचं ते घरी होऊ द्या."

साहेबांनी त्याच्याकडून उद्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथं डायलिसिस लागलं. मामा कांताबाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले, पहारा द्यायला. दोन तास बसले. कांताबाईंनी काही खाल्लं नाही, काही मागितलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "दादा, मला जरा बसतं करा, मांडी अवघडली." मामांनी नळीवरची पट्टी बघायला चादर बाजूला केली. आणि मग, रेखा नंतर सांगायची, ते कितीतरी वेळ नुसते त्या नळीवर छापलेल्या आकड्याकडं बघत राहिले.

दहा मिनिटांत ते माझ्या टेबलासमोर होते. बगलेत फळा.

"मॅडम, कांताबाईला यातली कोणती दिली?"

मी रजिस्टर उघडलं. उघडायची गरज नव्हती. त्याच्या सहा महिने आधी मी स्टोअरची नवी यादी केली होती. नळ्यांचे इतके प्रकार आणि इतक्या लांब्या पडून राहायच्या, मुदती संपायच्या. मी नीट आखून एकच साधी नळी ठेवली. सगळ्यांत जास्त खपणारी, मानेच्या मापाची. मांडीची लांब नळी मी खोडली, कारण ती न वापरता वाया गेली होती. ती वाया गेलेली नळी माझ्यासमोरच होती. फळ्यावर. रजिस्टरमधल्या तिच्या नोंदीत मामांची सही आणि माझा शेरा: "पुन्हा मागवू नये."

इमर्जन्सीत जी मिळाली ती मांडीत गेली होती.

मामांनी खिशातली पट्टी काढली आणि दोन्ही नळ्यांच्या मधे धरली. पट्टीची लांबी संपली, तिथं आखूड नळीही संपली. लांब पुढं जात राहिली.

"वाळूजला आमच्या मशीनला एक टाकी असायची. एक पाईप तेल उचलायचा, दुसरा परत सोडायचा. नवीन माणूस दोन्ही पाईप एकाच कोपऱ्यात सोडायचा. पंप झकास चालायचा, आवाज नाय, गळती नाय. अन् जॉब, म्हणजे मशीनवरचा लोखंडी तुकडा, तापून लाल. कारण तेच ते तेल फिरायचं, बाकी टाकी तशीच." त्यांनी आखूड नळीच्या टोकावर बोट ठेवलं. "हिचं टोक ओढ्यात, म्हणजे खालच्या बारक्या शिरेत राहिलंय. तिथं धार बारीक. साफ केलेलं रक्त सोडलं की वाहून जायच्या आत लाल टोक तेच परत ओढतं. लांब नळी वर मोठ्या नदीत, पोटातल्या मोठ्या शिरेत पोचते, तिथं सोडलं की गेलं. रक्त साफ होतंय मॅडम. तेच ते. पुन्हापुन्हा."

"पण सूज तर उतरली?"

"पाणी काढायला काय, कुठलंबी रक्त चालतं. म्हणून तर आपण फसलो."

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे माझी यादी."

"यादी चांगली हाय," मामा म्हणाले. "फक्त तीत मांडी नाय."

साहेबांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घ्यायला सांगितलं. एक हातातून, एक नळीच्या लाल टोकातून. दोन्ही सारखी आली तर मामांचं चुकलं. सलीमभाई स्वतः नमुने घेऊन गेले आणि कागद घेऊन आले. नळीतलं रक्त अंगातल्या रक्तापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. साहेबांनी चष्मा काढला. "साळवे, बदलू या. मॅडम, लांब नळी?"

नव्हती. मी स्कूटर काढली. औषधांच्या ठोक बाजारात तिसऱ्या दुकानात मिळाली. परत आले तेव्हा मामा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी पाकिटावरची लांबी वाचली, मुदत वाचली, मग पाकीट हातात घेतलं. साहेबांनी जुन्या नळीतून तार सरकवली आणि तिच्यावरून नवी आत घातली. मशीन पुन्हा लागलं. संतोष दुपारी न्यायला आला होता, पिशवी भरून तयार. मामा त्याला म्हणाले, "चार तास थांब. नंतर मी स्वतः रिक्षात बसवून देतो."

चार तासांनी रक्त तपासायला गेलं. सलीमभाईंनी फोन करायचा असतो. त्या दिवशी ते कागद हातात घेऊन जिना चढून आले आणि दारातूनच ओरडले, "मामा! उतर गया! अब जा के उतरा!"

वॉर्डातल्या पेशंटांच्या एका हाताला सुया. टाळ्या वाजवता येईनात. त्यांनी मोकळ्या हातानं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर थापा मारायला सुरुवात केली. तायडे सर सगळ्यांत जोरात. हेड सिस्टर "शांत, शांत" म्हणत होत्या आणि स्वतः डोळे पुसत होत्या. संतोषनं भरलेली पिशवी पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी बदलताना मी पहिल्यांदा त्या बैठकीला गेले. मामा उभे राहिले. रेखा थर्मास घेऊन दारात होती, तिला आत बोलावलं.

"काल माझं काय चुकलं ते सांगतो. काल नाय, परवा. मी या पोरीला चार लोकांत खोटं पाडलं. नारळाची कवटी शेजारच्या पलंगाची होती, ते मी विचारलंसुद्धा नाय. मशीन गप हाय म्हणून मी मशीनवर विश्वास ठेवला, माणसावर नाय. रेखा, चूक माझी. चार लोकांत बोललो, म्हणून चार लोकांत सांगतो."

रेखा पुढं आली. तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मामांपुढं धरला. पलंगावरून कांताबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते, लई कडक हाय ती."

मग मी उभी राहिले. माझी यादी, मी खोडलेली ओळ, सगळं सांगितलं.   मामांनी फक्त मान हलवली, जशी ते नव्या सिस्टरचं पहिलं कबूल करणं ऐकून हलवायचे. त्याच दिवशी मी यादीत दोन नवे रकाने आखले: कुठं आणि किती लांब.

पुढं सगळं वेगानं झालं. कांताबाई सपाट झोपू शकल्या तशी मांडीची नळी काढून मानेत उजव्या बाजूला घातली. त्या दिवशी त्या पलंगावर उठून बसल्या आणि चालत खिडकीपर्यंत गेल्या. मामांनी तोंडी परीक्षा घेतली.

"कोणती नळी?"

"लॉजातली."

"बाजू?"

"उजवी. आता गप बसा, मला खाली रस्ता बघू द्या."

काही दिवसांनी लघवी व्हायला लागली. मग दोन डायलिसिसमधलं अंतर वाढवलं, मग डायलिसिसच थांबवलं. मानेतली नळी निघाली तेव्हा कांताबाई म्हणाल्या, "ती मला द्या घरी न्यायला." मामांनी ती कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. "घरी फक्त तुम्ही जायचं. ती नाय."

तर ३० नोव्हेंबर. हार घातला, शाल पांघरली, बोला म्हटलं. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "काल माझं काय चुकलं ते सांगतो." सगळे हसले. त्यांनी खरंच सांगितलं. आदल्या दिवशी पाण्याच्या प्रेशरचा काटा बघायचा राहिला होता, म्हणून आज उशीर झाला. भाषण संपलं.

कांताबाईंनी पेरू काढला. मशीनवरच्या सात जणांना पेरू खायचा तर मोजूनमापूनच, त्यांनी एकदम माना वळवल्या.

"कांताबाई, इथं पेरू आणता व्हय? सात जणांच्या तोंडाला पाणी सुटलं," मामा म्हणाले.

"तुमच्यासाठी आणलाय. बाहेर जाऊन खा."

जिन्यात मामांनी मला गाठलं. "मॅडम, एक काम राहिलंय. दुसरा फळा. कॅज्युअल्टीत. पहिली नळी कोणती घालायची ते तिथंच ठरतं. तिथं भिंतीवर पायजे." मी डायरी काढून लिहून घेतलं. "आणि अर्धा लावू नका. एक जागा रिकामी दिसली की नवीन माणसाला वाटतं, तशी नळी नसतेच."

मी खोडलेल्या ओळीबद्दल त्या दिवसानंतर ते मला तोंडावर बोलले ते एवढंच.

खाली कॅज्युअल्टीच्या दारापाशी मला ते शेवटचे दिसले. शाल खांद्यावर, हार मनगटाला गुंडाळलेला. एका हातात पेरू. दुसऱ्या हातानं खिशातली पट्टी काढून ते भिंत मोजत होते. मोजून झाल्यावर पेन्सिलीनं दोन ठिपके काढले, खिळ्यांसाठी. मग पेरूचा एक घास घेतला आणि निघाले.

ठिपके अजून आहेत. रंगकाम झालं तेव्हा मी ते वाचवायला सांगितलं होतं.

फळाही तयार आहे, माझ्या कपाटाला टेकवून ठेवलाय. मानेची उजवी लावली. मानेची डावी लावली. बोगद्याचीही एक मुदत संपून मिळाली. मांडीच्या लांब नळीची चिठ्ठी लिहून चिकटवलेली आहे, वर जागा मोकळी. मुदत संपलेलीच लावायची हा मामांचा नियम मी मोडणार नाही. पण त्या दिवसानंतर मांडीची एकही लांब नळी माझ्या स्टोअरमध्ये मुदत संपेपर्यंत पडून राहिलेली नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी वेळेत मागायला येतं, आणि मी ती देते.

दर महिन्याच्या एक तारखेला मी बाकी कामांची यादी नव्यानं लिहिते. तिच्यात पहिल्या क्रमांकावर तेच आहे: कॅज्युअल्टीतला फळा. बाकी.